दहा अंशांना दुप्पट, पण कुणाच्या हिशेबाने?

जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा दहा-अकरावर उतरला की सकाळी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: दही लागलं नाही. विरजण तेच, दूध तेच, पातेलंही तेच. एप्रिलमध्ये मात्र दुपारी लावलेलं दही संध्याकाळी वेळेवर फ्रिजमध्ये गेलं नाही तर आंबून जातं. कारण विचारा, बारावी सायन्सचा कुठलाही मुलगा झोपेतून उठवला तरी सांगेल: तापमान वाढलं की रेणू जोरात पळतात, टकरी वाढतात, म्हणून अभिक्रियेचा वेग वाढतो, दर दहा अंशांना दुप्पट.

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. माझ्या हातात असतं तर अर्धेच दिले असते. टकरींचं कारण आकड्यांशी ताडून पाहिलं तर टिकत नाही, आणि 'दुप्पट' हा आकडा काही ठरावीक अभिक्रियांपुरता, तोही ठरावीक तापमानाच्या आसपासच खरा आहे.

आधी टकरी घेऊ. इथे तापमान केल्विनमध्ये मोजावं लागतं, कारण रेणूंची ऊर्जा त्या मापाच्या शून्यापासून वाढत जाते. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन आणि ३७ अंश म्हणजे ३१०. आपल्याला हा फरक घाम फोडणारा वाटतो, पण रेणूंच्या लेखी ती साडेतीन टक्क्यांचीसुद्धा वाढ नाही. त्यात रेणूंचा सरासरी वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेगातली वाढ दोन टक्क्यांच्याही आत. बंद भांड्यात टकरीही तेवढ्याच वाढतात. मग अभिक्रियेचा वेग शंभर टक्क्यांनी वाढला तो कसा? दोन टक्क्यांचा हिशेब लागला, अठ्ठ्याण्णव टक्के अजून बेपत्ता आहेत.

त्यांचा पत्ता लागतो तो टकरी मोजून नाही, तर टकरींचं पुढे काय होतं ते बघून. साध्या हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी पावणेपाचशे मीटर वेगाने जात असतो आणि सेकंदाला सुमारे ७०० कोटी वेळा दुसऱ्या कुठल्यातरी रेणूवर आदळतो. आदळतो आणि परत फिरतो, बस्स. प्रत्येक टकरीतून अभिक्रिया होत असती तर लाकूड, कागद, आपण स्वतः, सगळंच हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कधीच राख झालं असतं. नवा बंध जुळण्याआधी जुना बंध ताणावा लागतो, सैल करावा लागतो, आणि त्याला ऊर्जा लागते.

पुण्याहून साताऱ्याला निघालात की कात्रज आडवा येतो. पलीकडचं गाव उंचावर आहे की सखल भागात, याने काही फरक पडत नाही. मध्ये घाट आहे आणि तो चढण्याइतका दम गाडीत हवा. अभिक्रियेच्या वाटेतही असाच घाट असतो. पुस्तकात त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. मी पुढे सरळ घाटच म्हणणार आहे.

एक मध्यम उंचीचा घाट घेऊ: मोलमागे ५० किलोज्यूल (मोल म्हणजे रेणू मोजायचा रसायनशास्त्रातला ठरावीक गठ्ठा). २७ अंशांना रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा असते मोलमागे ३.७ किलोज्यूल. म्हणजे घाट सरासरीच्या तेरापट उंच. सरासरी रेणूकडून तो चढवणार नाही हे उघड आहे. पण 'सरासरी रेणू' ही कागदावरची वस्तू आहे. टकरींमध्ये ऊर्जेची सतत देवाणघेवाण चाललेली असते. एखाद्याला लागोपाठ मिळतच जाते, एखाद्याची लागोपाठ जात राहते. कुठल्याही क्षणी पाहिलं तर बहुतेकांकडे थोडी ऊर्जा, काहींकडे बरी, आणि अगदी मोजक्यांकडे भरमसाट, असं वाटप दिसतं. या वाटपाचं गणित मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्या गणितात आपला घाट घातला की उत्तर येतं: २७ अंशांना दर शंभर कोटी टकरींमागे साधारण दोन टकरींत घाट चढण्याइतकी ऊर्जा असते. ३७ अंशांना दर शंभर कोटींत ३.८.

सरासरी जेमतेम हलली आणि टोकाला मात्र जवळपास दुप्पट गर्दी झाली. बेपत्ता अठ्ठ्याण्णव टक्के इथे सापडतात. मघाच्या ७०० कोटी टकरींना हाच हिशेब लावला, तर एका रेणूच्या वाट्याला २७ अंशांना सेकंदाला चौदा यशस्वी टकरी येतात आणि ३७ अंशांना सव्वीस-सत्तावीस. (रेणू योग्य बाजूने आदळायलाही हवा, ती अट मी इथे बाजूला ठेवली आहे. ती धरली की दोन्ही आकडे घटतात, त्यांचं प्रमाण बदलत नाही.) उष्णता सगळ्या रेणूंना सारखी ढकलते हे चित्र म्हणूनच डोक्यातून काढून टाकलेलं बरं. अभिक्रियेचा वेग ठरवते ती रांगेच्या अगदी पुढच्या टोकाला असलेली मूठभर मंडळी.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती साखरेमुळे. साखरेच्या पाण्यात थोडं आम्ल घातलं तर साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल उजवीकडे वळवतं, फुटल्यानंतरचं मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, नुसता प्रकाश किती वळला ते बघत, अभिक्रिया कुठवर आली ते सांगता येतं. १८५० मध्ये जर्मनीत विल्हेल्मी यांनी या पद्धतीने अभिक्रियेचा वेग मोजला. १८८४ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान्ट हॉफ यांनी वेग आणि तापमान यांचं नातं सूत्रात बसवलं. आणि १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी, हीच फुटणारी साखर समोर ठेवून, त्या सूत्राचा अर्थ लावला. त्यांचं म्हणणं असं की द्रावणातली सगळी साखर अभिक्रियेला तयार नसते. तिचा फार थोडा हिस्सा 'सक्रिय' अवस्थेत असतो आणि तापमानाबरोबर तो हिस्सा झपाट्याने वाढतो. सूत्र आज अऱ्हेनियस यांच्या नावाने ओळखलं जातं. गंमत म्हणजे १९०३ चं नोबेल त्यांना मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, क्षार पाण्यात आयनांच्या रूपात सुटे होतात या सिद्धान्तासाठी. आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल याचा हिशेब १८९६ मध्ये मांडणारेही तेच.

अऱ्हेनियस यांना जी साखर फुटताना बघायची होती, ती फुटू नये म्हणून आपल्याकडे प्रत्येक साखर कारखाना जिवाचा आटापिटा करत असतो. तोडलेला ऊस फडात किंवा गव्हाणीसमोरच्या रांगेत पडून राहिला की आतली साखर फुटायला लागते (तिथे आम्लापेक्षा उसातली एन्झाइम आणि जिवाणू जास्त काम करतात), आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात हे थंडीपेक्षा कितीतरी लवकर होतं. उतारा, म्हणजे उसामागे हाती येणारी साखर, पडतो तो त्यामुळे. कारखान्यात उसाचा रस निघतो तो मुळात किंचित आंबट. तो तसाच तापवला तर आम्ल आणि उष्णता दोन्ही मिळून साखरेचा घात करतील, म्हणून त्यात चुना घालून आम्ल मारलं जातं. मग प्रश्न येतो पाणी आटवायचा. उघड्या भांड्यात पाक जसजसा दाट होतो तसतसा तो शंभराच्या वर जाऊन उकळतो, आणि तितक्या तापमानाला साखर फुटते, करपते, रंग धरते. म्हणून पॅनमध्ये निर्वात करतात. दाब कमी झाला की तोच दाट पाक साठ-सत्तर अंशांच्या आसपास उकळतो. पाणी जातं, साखर शाबूत राहते.

गुऱ्हाळावर नेमकं उलटं. तिथे काहील उघडी, खाली चुलाण पेटलेलं, आणि गूळ उतरवायच्या वेळी आतला पाक ११८ अंशांच्या घरात पोहोचलेला. गुळाचा तांबूस रंग आणि तो वास यातला बराच वाटा या शेवटच्या टप्प्यातल्या तापमानाचा. (सगळा नाही, साखरेतून मळी वेगळी काढतात, गुळात ती राहते.) काहिलीजवळचा गुळव्या शेवटच्या काही मिनिटांत डोळ्यांत तेल घालून का उभा असतो हेही यावरून कळेल. सुरुवातीच्या तासात पाच मिनिटं इकडची तिकडे झाली तर काही बिघडत नाही. शेवटी तेवढ्यात गूळ काळा पडतो.

आता 'दुप्पट' या आकड्याकडे वळू. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला आहे आणि सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला, म्हणजे दोन्ही पुण्याच्या एकाच अंगाला. एका ठिकाणी साखर टिकवायची चिंता, दुसरीकडे लस टिकवायची. लस म्हणजे नाजूक प्रथिनं किंवा जिवंत पण दुबळे केलेले विषाणू. थंड ठेवल्या तरी त्यांचं बिघडणं थांबत नाही, फक्त इतकं मंदावतं की आपलं काम होऊन जातं. बहुतेक नेहमीच्या लशी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. पण कारखान्यातून निघालेली कुपी मुळशीच्या किंवा वेल्ह्याच्या आरोग्य उपकेंद्रात पोहोचेपर्यंत वाटेत तिला किती ऊन लागलं, हे नर्सताईंना कसं कळावं?

उत्तर कुपीवरच चिकटवलेलं असतं. पुढच्या वेळी बाळाला पोलिओचे थेंब पाजायला नेलंत तर कुपी हातात मागून बघा. लेबलावर एक जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक फिका चौकोन. कर्मचारी त्याला व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर) म्हणतात. चौकोनातल्या रसायनाचे रेणू उष्णतेने हळूहळू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या बनतात, आणि साखळ्या वाढतील तसा रंग गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस द्यायची. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका झाला किंवा त्याहून गडद झाला की कुपी टाकून द्यायची. ही अभिक्रिया मागे फिरत नाही, त्यामुळे दोन दिवस उन्हात राहिलेली कुपी घाईघाईने फ्रिजमध्ये ठेवून साळसूदपणा आणता येत नाही. १९९६ पासून पोलिओच्या लशीवर हे लेबल येऊ लागलं. मला हे विसाव्या शतकातल्या सर्वांत हुशार आणि सर्वांत स्वस्त उपकरणांपैकी एक वाटतं. त्याला बॅटरी नाही, पडदा नाही, वाचता येण्याचीही अट नाही.

पोलिओच्या थेंबांवरच्या लेबलाचे आकडे बघा. ३७ अंशांना चौकोन दोन दिवसांत गडद होतो. ५ अंशांना त्याला २२५ दिवस लागतात. फरक ३२ अंशांचा. 'दहा अंशांना दुप्पट' हा नियम लावला तर वेग सुमारे नऊपट घटायला हवा, म्हणजे ५ अंशांना अठरा दिवस. प्रत्यक्षात तो ११२ पट घटतो. काटक लशींसाठी दुसरं लेबल असतं, जे ३७ अंशांना चौदा दिवस टिकतं आणि २५ अंशांना नव्वद दिवस. बारा अंशांत सहापटींहून जास्त. नियमाने सव्वादोन-अडीच पट निघाली असती.

चूक लेबलाची नाही. या अभिक्रियेचा घाट मोलमागे शंभर किलोज्यूलच्याही वर आहे, आणि घाट जितका उंच तितकी तापमानाची मात्रा जास्त लागू पडते. का, ते टोकाच्या मंडळींवरून कळेल. उंच घाटासाठी रांगेत आणखी पुढे, जिथे जवळपास कुणीच नाही, तिथे बघावं लागतं. आणि जिथे मुळात कुणीच नसतं तिथे थोडी भर पडली तरी ती पटीत मोठी दिसते. आकड्यांत सांगायचं तर २७ वरून ३७ ला जाताना २५ किलोज्यूलच्या घाटावर वेग जेमतेम १.४ पट होतो, ५० च्या घाटावर १.९ पट आणि १०० च्या घाटावर ३.६ पट. दुप्पट हा आकडा म्हणजे खोलीच्या तापमानाला पन्नासेक किलोज्यूलच्या घाटाचा आकडा. तोच ५० चा घाट ५०० अंशांच्या भट्टीत असेल तर आणखी दहा अंशांनी वेग फक्त दहा टक्के वाढेल, कारण तिथे चढू शकणाऱ्यांची आधीच वाण नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण रोज सकाळी दारात येतं. दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' असं छापलेलं असतं. ते करायच्या दोन जुन्या, प्रस्थापित रीती आहेत: दूध ६३ अंशांना अर्धा तास ठेवा, किंवा ७२ अंशांना पंधरा सेकंद. फरक नऊ अंशांचा, वेळेतला फरक १२० पट. इथे जिवाणूंची प्रथिनं विस्कटायची असतात. प्रथिनाची घडी शेकडो कच्च्या बंधांनी सांभाळलेली असते आणि ती मोडायची तर त्यातले पुष्कळ एकदमच सुटावे लागतात, म्हणून घाटाचा हिशेब शेकडो किलोज्यूलमध्ये जातो. डेअरीतल्या माणसाने तापमान दोन-तीन अंश कमी ठेवून 'तेवढ्याने काय होतंय' म्हटलं तर खूप काही होतं.

दही न लागण्यामागचं कारण या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि जरा वाकडंही आहे. दुधातली लॅक्टोज साखर जिवाणू लॅक्टिक आम्लात बदलतात. आम्ल वाढत जाऊन सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. जिवाणूंचं काम चालतं त्यांच्या एन्झाइमवर. एन्झाइम म्हणजे घाटाला काढलेला बोगदा: रेणूला जास्तीची ऊर्जा ते देत नाही, कमी चढाची दुसरी वाट देतं. पण वाटेत थोडा चढ उरतोच, म्हणून थंडीत सगळंच रेंगाळतं. पेशी खाते सावकाश, वाढते सावकाश, दोनाच्या चार व्हायला वेळ घेते. अशा वेळी घरोघरी विरजण दुप्पट घालतात. त्याने फायदा होतो, पण थोडा. दुप्पट विरजण म्हणजे जिवाणूंना एकदा दुप्पट होण्याचा जो वेळ लागला असता तेवढाच वाचला. पुढची प्रत्येक दुप्पट थंडीच्याच चालीने होणार. पातेलं जुन्या शालीत गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवलं, किंवा ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं, तर प्रत्येक दुप्पट लवकर होते. आजीचा उपाय इथे सरस ठरतो.

मग दूध आणखी गरम असताना विरजावं का? कोमटच्या पुढे गेलात तर उलटा परिणाम होतो. चाळीस-बेचाळीसपर्यंत वेग वाढत जातो, पण पन्नाशीच्या पुढे मघाचा पाश्चरायझेशनचा हिशेब सुरू होतो. एन्झाइमचं काम आणि एन्झाइमचं मरण, दोन्ही तापमानाने वाढतात. पण मरणाचा घाट कितीतरी उंच असल्यामुळे थंडपणी ते नगण्य असतं आणि ठरावीक तापमानानंतर भसकन पुढे निघून जातं. बोटाला चटका बसतो अशा दुधात विरजण घालणं म्हणजे विरजण उकडणं.

कुकरचं थोडक्यात सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. सिंहगडावर तेराशे मीटरच्या उंचीवर साडेपंचाण्णवच्या आसपास. उकळत्या पाण्याखाली गॅस मोठा केला तर पाणी जास्त लवकर आटतं, जास्त गरम होत नाही, आणि डाळ तर तापमान ओळखते, आच ओळखत नाही. कुकर वाफ कोंडून आतलं पाणी १२० अंशांच्या जवळ नेतो म्हणून तूरडाळ तासाऐवजी काही मिनिटांत शिजते. शिट्टी व्हायला लागल्यावर गॅस मोठा ठेवणं म्हणजे सिलिंडरचे पैसे वाफेबरोबर सोडून देणं.

या सगळ्यातला घातक भाग वेगळा आहे. बऱ्याच अभिक्रिया स्वतःच उष्णता देतात. ती उष्णता तिथेच राहिली तर तापमान वाढतं, तापमानाने वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता. एप्रिलमध्ये मार्केट यार्डात हापूसची आढी घालतात तेव्हा हे सौम्य रूपात कामी येतं. कच्ची फळं श्वसनातून उष्णता सोडतात, गवत ती धरून ठेवतं, फळांतून निघणारा इथिलीन वायूही तिथेच कोंडतो, आणि आढी पिकते. थर फार जाड झाला तर मधली फळं तापून नासतात, म्हणून आढी पातळ ठेवून वरचेवर उलटावी लागते.

कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनांची अभिक्रिया घडवायच्या मोठ्या भांड्यात, हेच रूप सौम्य राहत नाही. समजा रिअॅक्टर ६० अंशांवर आहे आणि भोवतीच्या जॅकेटमधून ३० अंशांचं पाणी फिरतंय. काही कारणाने आतलं तापमान ७० झालं. पाण्याकडे जाणारी उष्णता तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते: फरक ३० चा ४० झाला, म्हणजे एक तृतीयांश वाढ. पण १०० किलोज्यूलच्या घाटावर आत तयार होणारी उष्णता तोवर जवळजवळ तिप्पट झालेली असते. निघतं सव्वापटीहून थोडं जास्त आणि तयार होतं तिप्पट. यापुढे मिनिटामिनिटाला परिस्थिती हाताबाहेर जाते. शिवाय भांडं मोठं केलं की अडचण वाढते: लांबी, रुंदी, उंची दहापट केली तर आतला माल हजारपट होतो आणि थंड करणारी भिंत फक्त शंभरपट. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात निमूटपणे चालणारी अभिक्रिया कारखान्यात तशीच चालेल असं म्हणूनच गृहीत धरता येत नाही. पाषाणला १९५० पासून असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर फार मोठं काम झालं आहे. तिथले माजी संचालक एल. के. दोराईस्वामी यांचं नाव अभिक्रिया अभियांत्रिकीत जगभर घेतलं जातं.

शेवटी एक अपवाद, कारण क्लासच्या नोट्समध्ये तो सापडत नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, आणि ही अभिक्रिया तापवल्यावर मंदावते. तिचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. आधी नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू एकत्र येऊन एक सैल जोडी बनते, मग तिला ऑक्सिजन भेटतो. दुसऱ्या टप्प्याचा घाट अगदी बुटका, त्यामुळे उष्णतेने तिथे फारसं काही साधत नाही. उलट जोडी मात्र उष्णतेने ऑक्सिजन येण्याआधीच सुटते. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात याचा चोख उपयोग करतात. अमोनिया जाळून निघालेले वायू नऊशे अंशांच्या आसपास असतात. ते तसेच पुढे सोडत नाहीत, आधी चांगले थंड करतात. तापलेल्या वायूत ही अभिक्रिया रखडते आणि थंड केल्यावर मार्गी लागते.